शेतीसंरक्षण बंदुकीच्या दुरुस्तीची वाट मोकळी करा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आचारसंहितेच्या काळात पोलीस ठाण्यात जमा केलेल्या शेतीसंरक्षण बंदुका परत मिळतात तेव्हा अनेकदा गंजलेल्या असतात. त्याच वेळी शेतात रानडुकरं उतरलेली असतात. मग घाईघाईने बंदूक गावच्या लोहाराकडे किंवा लेथवाल्याकडे जाते. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार बंदूक विकायलाच नव्हे, दुरुस्त करायलाही परवाना लागतो, हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

दुसरी चूक कुरिअरची. ‘नुसती नळी पाठवतोय, बंदूक थोडीच आहे’ हा समज महागात पडतो. कायद्याच्या व्याख्येत बंदुकीचे भाग म्हणजे बंदूकच. सुटी नळी वाटेत गहाळ झाली तरी जाब परवानाधारकालाच द्यावा लागतो.

सरळ मार्ग कलम ३ मध्येच आहे. परवानाधारकाने स्वतः बंदूक न्यावी किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर दुसऱ्याने दुरुस्तीसाठी न्यावी. नेणाऱ्याकडे स्वतःचा परवाना नसला तरी चालतं. वयोवृद्ध शेतकऱ्यांसाठी ही मोठी सोय आहे. पत्रात नेणाऱ्याचं नाव, परवाना क्रमांक, बंदुकीचा प्रकार, बोर (नळीच्या आतला व्यास) व क्रमांक, दुकानाचा पत्ता आणि जाण्या-येण्याच्या तारखा लिहाव्यात. बहुतेक पत्रांत फक्त ‘नेण्यास’ लिहिलेलं असतं आणि परतीच्या वाटेवर तपासणीत अडचण होते. सोबत परवान्याची प्रत ठेवावी. परवान्यावरचं क्षेत्र जिल्ह्यापुरतं असेल आणि दुकान पुण्या-कोल्हापुरात असेल, तर आधी जिल्हाधिकारी कार्यालयाची परवानगी घ्यावी. सणासुदीला महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(१) चे मनाई आदेश निघतात. ते लागू आहेत का, हे निघण्याआधी ठाण्यात विचारून घ्यावं.

सगळ्यात जपायचं ते ठासणीच्या, म्हणजे तोंडातून दारू भरायच्या, बंदुकीला. तिच्यात भरलेला बार (दारू आणि छरे) महिनोन्महिने तसाच राहतो आणि बाहेरून कळत नाही. घोड्याखालची केप (ठिणगी पाडणारी टोपी) काढली म्हणजे बंदूक रिकामी झाली असं नव्हे. तोंड स्वतःपासून दूर धरून गज (बार ठासायची सळई) नळीत अलगद सोडावा, तोंडाशी त्यावर खूण करावी, मग तोच गज नळीच्या बाहेरून लावून पाहावा. टोक निपलच्या, म्हणजे केप बसते त्या बोंडाच्या, आसपास पोचलं तर नळी रिकामी. चार बोटं अलीकडेच थांबलं तर आत बार किंवा माती आहे. पावसाळ्यात तोंडाशी कुंभारमाशीचं घर सापडणंही नवं नाही. गज अडला तर ठोकाठोक करू नये, घोडा पाडून पाहू नये. दुकानदाराला कळवून तो सांगेल तसंच करावं. निपल अडकली म्हणून लोहार बूड तापवतो आणि आतली जुनी दारू पेट घेते. जीव जातो तो असा.

दोन नळ्यांची जोडनळी बंदूक असेल तर ती उघडून काडतूस बसतं त्या दोन्ही खोल्यांत बोट घालून पाहावं, मग नळ्या, खालचं लाकूड आणि दस्ता वेगळे करून वेगवेगळ्या फडक्यांत गुंडाळावेत. काडतुसं घरी कुलपातच राहू द्यावीत. ‘उडत नाही’ एवढंच न सांगता ‘उजव्या नळीची पिन काडतुसाच्या टोपीवर पुसट ठसा उमटवते’ असं लिहून दिलं तर कारागिराचा निम्मा वेळ वाचतो.

दुकानात शिक्का, तारीख आणि बंदुकीचा क्रमांक असलेली पावती घ्यावी. गंज काढून काळं पॉलिश करायचं असेल तर आधी क्रमांकाचा फोटो काढावा आणि तो भाग पॉलिशच्या चाकाखाली न्यायचा नाही, हे पावतीवर लिहून घ्यावं. बंदुकीवरचा क्रमांक पुसायला शस्त्र अधिनियमाच्या कलम ८ नुसार मनाई आहे. नळी कापून आखूड करायची तर त्याच अधिनियमाच्या कलम ६ चा वेगळा परवाना हवा.

आमची प्रशासनाकडे मागणी साधी आहे. परवानाप्राप्त दुरुस्ती करणाऱ्यांची यादी प्रत्येक पोलीस ठाण्यात लावावी, अधिकारपत्राचा छापील नमुना द्यावा, आणि बंदूक जमा करून घेताना मालकाला ती पुसून तेल लावायला दहा मिनिटं द्यावीत.

– काही परवानाधारक शेतकरी, सिंधुदुर्ग