चौकटीचा रंग

लायडन, नेदरलँड्स, 18 जानेवारी

प्रिय आई आणि पप्पा,
प्रभू येशूच्या नावाने सलाम.

पप्पांचं पत्र नाताळनंतर मिळालं. उत्तराला तीन आठवडे लागले, कारण पत्रातला एक प्रश्न मी रोज स्टुडिओत बरोबर नेत होते. पप्पांनी विचारलंय, "पवित्र शास्त्रातली, बायबलमधली दृश्यं रंगवतेस, ते ठीक. पण 'मूर्ती करू नको, तिच्या पाया पडू नको' या देवाच्या दुसऱ्या आज्ञेचं काय? आपण चर्चच्या भिंतीवर साधं चित्रही लावत नाही." प्रश्न रागाने विचारलेला नाही, काळजीने विचारलाय, हे मला कळतं. म्हणून फोनवर दोन वाक्यांत उत्तर द्यायचं टाळलं. सविस्तर लिहिते.

आधी इथली हकिकत. तब्येत बरी आहे. आठवड्याचे तीन दिवस फ्रेमिंगच्या दुकानात काम आणि उरलेले दिवस स्टुडिओ, असं बसवलंय. स्टुडिओ म्हणजे एका जुन्या शाळेचा वर्ग. अजून भिंतीवर फळा आहे, त्यावर मी रंगांची मिश्रणं लिहून ठेवते. खिडक्या उत्तरेकडे, म्हणजे ऊन थेट कॅनव्हासवर येत नाही आणि दिवसभर उजेड सारखा राहतो. पण या दिवसांत उजेडच थोडा. सकाळी साडेआठनंतर उजाडतं आणि पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. त्यामुळे सकाळची प्रार्थना आणि वाचन मी अंधारात, दिवा लावून करते. पहिला ब्रश हातात घेते तेव्हा वाचलेला अध्याय डोक्यात ताजा असतो.

थंडीने डिसेंबरात मोठं नुकसान केलं. सुटीच्या दिवशी इमारतीचं हीटिंग बंद होतं, आणि मी शनिवारी संध्याकाळी एक मोठा थर देऊन घरी आले. सोमवारी बघते तर रंगाला बारीक बारीक भेगा, आणि बोट लावलं की भुकटी निघते. आई, ॲक्रिलिक म्हणजे पाण्यात तरंगणारे प्लॅस्टिकचे अतिसूक्ष्म कण आणि त्यांच्यात मिसळलेली रंगाची पूड. पाणी उडून गेलं की ते कण एकमेकांना चिकटतात आणि सलग पापुद्रा तयार होतो. पण गारठा दहा अंशांच्या खाली गेला की कण कडकच राहतात, एकजीव होत नाहीत. मग रंग वाळतो पण धरत नाही. सगळा थर खरवडून काढला, दोन आठवड्यांचं काम गेलं. आता टेबलाजवळ थर्मामीटर टांगलाय आणि पंधरा अंशांच्या खाली मी बाटलीचं झाकण उघडत नाही.

दादाने विचारलं होतं की तैलरंग का वापरत नाहीस, ते जास्त मानाचे ना. तैलरंग आठवडेच्या आठवडे ओले राहतात, मी थर वाळायची वाट बघत बसले असते. ॲक्रिलिक अर्ध्या तासात वाळतं. दुकानातून येऊन दोन तास मिळाले तरी तीन पातळ थर एकावर एक चढवता येतात, आणि खालचा थर वरच्यात विरघळत नाही. तोटा एकच, ओला रंग फिका दिसतो आणि वाळला की गडद होतो, कारण ते पाण्यातलं मिश्रण ओलं असताना दुधासारखं पांढरं असतं. सावळी त्वचा रंगवताना हे फार जपावं लागतं. मी बर्न्ट सिएना (मातीसारखा तांबूस तपकिरी), यलो ओकर (मातकट पिवळा) आणि थोडा अल्ट्रामरीन (गडद निळा) मिसळते, कागदाच्या पट्टीवर लावून वाळवते, मगच कॅनव्हासवर नेते. आपल्या माणसांचा रंग मला काळपट करायचा नाही आणि उजळही करायचा नाही. शाळेत नाताळच्या नाटकासाठी आम्हाला पावडर फासायचे ते मी विसरले नाही.

आता पप्पांचा प्रश्न.

पप्पा, हा देशही या प्रश्नावरून पेटला होता. 1566 साली इथल्या चर्चमधल्या मूर्ती आणि चित्रं लोकांनी फोडली. लायडनच्या पीटर्सकेर्क या जुन्या चर्चमध्ये आजही गेलं की पांढऱ्या भिंती, उंच खिडक्या आणि मोकळेपणा. मला तिथे आपल्या नगरच्या चर्चची आठवण येते. त्या वेळी लुकास फान लायडनने रंगवलेलं अंतिम न्यायाचं तीन फळ्यांचं चित्र कसंबसं वाचलं, ते आता लाकेनहाल संग्रहालयात आहे. मी त्याच्यासमोर बऱ्याचदा उभी राहते. पण खरं सांगते, ज्यांनी भिंती पांढऱ्या केल्या त्यांची भीतीही मला समजते. चित्रापुढे हात जोडले जाऊ नयेत, हेच त्यांना हवं होतं. मलाही तेच हवंय.

पण भिंती पांढऱ्या झाल्यानंतर याच लोकांनी शास्त्र चित्रांत आणलं, वेदीसाठी नाही, घरासाठी. रेम्ब्रांट याच गावात 1606 साली जन्मला. त्याचं एक एचिंग आहे, म्हणजे धातूच्या पत्र्यावर आम्लाने कोरून कागदावर घेतलेला छाप, 1656 सालचं: अब्राहामाच्या दारी तीन पाहुणे. बायबलच्या पहिल्या पुस्तकाचा, उत्पत्तीचा अठरावा अध्याय. गेल्या महिन्यात ॲम्स्टरडॅमच्या रिक्सम्युझियमच्या अभ्यासिकेत वेळ घेऊन ते पाहिलं. सोळा सेंटिमीटर बाय तेरा, पोस्टकार्डाहून थोडंसंच मोठं. त्यांनी ते टेबलावर माझ्यापुढे ठेवलं आणि मला काही सुचेना.

पाहुणे जमिनीवर बसलेत. टेबल नाही, खुर्ची नाही. दारापुढे, जमिनीवर, मध्ये ताट ठेवून. म्हातारा अब्राहाम हातात सुरई घेऊन वाकून उभा आहे. आणि मागे, अर्धवट उघड्या दाराआड, त्याची बायको सारा ऐकतेय.

हॉलंडच्या माणसाला हे बसणं कुठून सुचलं? ते आपल्याकडून गेलं. रेम्ब्रांटकडे मुघल दरबारातली लघुचित्रं आली होती, डच व्यापाऱ्यांच्या जहाजांतून आलेली असणार. त्याने जपानी कागदावर त्यांच्या नकला केल्या, त्यातल्या वीसेक अजून शिल्लक आहेत. एकीत झाडाखाली चार वृद्ध बसलेत, ती आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. मूळ मुघल चित्र व्हिएन्नाच्या शोनब्रुन राजवाड्यात, भिंतीच्या चौकटीत बसवलेलं. त्या चार वृद्धांच्या बैठकीवरूनच त्याने अब्राहामाचे पाहुणे बसवले. आणि हे त्याने केलं त्या 1656 सालीच त्याचं दिवाळं निघालं, घरातल्या वस्तूंची यादी झाली आणि एकेक विकली गेली.

पप्पा, मी तिथे बसून रडले. मी इथे आले तेव्हा मला वाटायचं की शास्त्रातली दृश्यं काढायची म्हणजे आधी यांच्यासारखी काढायला शिकायला हवीत. कॅलेंडरवरचा निळ्या डोळ्यांचा येशू डोक्यातून जातच नव्हता. आणि इथे त्यांचा सगळ्यात मोठा चित्रकार आपल्या माणसांकडे बघून शिकत होता, की पाहुणा कसा बसतो.

घरी येऊन अध्याय पुन्हा वाचला. भर दुपारची वेळ, दारात बसलेला म्हातारा, तीन अनोळखी माणसं दिसल्यावर धावत पुढे जाणं, पाय धुवायला पाणी, "झाडाखाली जरा टेका", आत जाऊन बायकोला "लवकर पीठ मळ" म्हणणं, दही, दूध. आणि पाहुणे जेवत असताना यजमान बाजूला उभा. आई, हे आपल्या वडाळ्याच्या घराचं वर्णन नाही तर काय आहे? दुष्काळाच्या सालीसुद्धा आजोबा ओसरीवर उभे राहून पाहुण्यांना वाढायला लावायचे आणि आजी दाराआडून ऐकत असायची.

म्हणून मी तेच चित्र करतेय. कॅनव्हास दीड मीटर रुंद. आधी पूर्ण बर्न्ट सिएनाने झाकला, म्हणजे सगळीकडून आपली माती डोकावत राहील. वर कडुनिंबाची सावली, उन्हाचे कवडसे. सारवलेलं अंगण, त्याचा हिरवट करडा रंग जमायला सहा दिवस लागले. तीन पाहुणे घोंगडीवर बसलेत, पण पाठमोरे. रेम्ब्रांटने त्यांतल्या एकाला पांढऱ्या दाढीचा, देवाचा चेहरा दिलाय. तिथे मी त्याच्या मागे जात नाही. देवाचा चेहरा मी काढणार नाही, पप्पा. ही माझ्यापुरती दुसरी आज्ञा. चित्रात समोरून दिसणारा चेहरा एकच, दारातल्या साराचा. म्हातारपणी मूल होणार हे ऐकून ती मनात हसते तो क्षण. त्या हसण्यावरूनच मुलाचं नाव इसहाक पडलं. तिचा चेहरा मी आजीचा करतेय.

तुम्ही दर रविवारी रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं गाता. ते 1895 साली ख्रिस्ती झाले आणि त्यांनी आपल्या मंडळीला अभंगातून ख्रिस्त दिला. टाळ-मृदंग उपासनेत आले तेव्हाही काहींना खटकलं असेलच. आज ते काढून घेतले तर तुम्हीच सगळ्यात आधी हळहळाल. जे त्यांनी कानांसाठी केलं ते कुणीतरी डोळ्यांसाठी करायला हवं, एवढंच माझं म्हणणं. पुण्यात अँजेलो दा फोन्सेका यांनी ते केलं. गोव्याचा माणूस, शांतिनिकेतनात शिकला, नंतर शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून त्याने साडीतली मरिया रंगवली. गोव्यातल्या लोकांनी त्याला त्यासाठी बोल लावले. 1967 साली तो गेला. पर्वरीच्या झेवियर सेंटरमध्ये त्याची पुष्कळ चित्रं आहेत. दादा गोव्याला जाणार असेल तर तुम्हाला दोघांना घेऊन तिथे जाऊ द्या, समुद्र नंतर बघा.

आणखी एक, फक्त पप्पांसाठी. ॲम्स्टरडॅमच्या व्हॅन गॉग म्युझियममध्ये एक चित्र आहे, उघडं मोठं बायबल आणि बाजूला विझलेली मेणबत्ती. व्हॅन गॉगचे वडील चर्चचे पाळक होते. ते 1885 साली गेले आणि त्याच वर्षी त्याने त्यांचं बायबल रंगवलं. पान उघडलंय यशयाच्या 53 व्या अध्यायावर. गुड फ्रायडेला तुम्ही उभे राहून वाचता तोच. बापलेकांचं पटत नव्हतं असं म्हणतात. मी त्या चित्रासमोर उभी होते तेव्हा तुमचं शिवण उसवलेलं, कातडी बांधणीचं पुस्तक डोळ्यांपुढे होतं. वाद घालायचा तर तुम्ही आहात तोवर घालते. तुम्हाला माझं पटलं नाही तर तसं लिहा, मी वाईट वाटून घेणार नाही.

आई, आता तुझ्याकडे काम आहे. आजी दारात उभी राहायची तेव्हा पदर डोक्यावर असायचा हे पक्कं, पण हात कुठे असायचा? चौकटीवर, की पीठ लागलेले दोन्ही हात पुढे धरून, कुठे लागू नये म्हणून? मला दुसरं आठवतंय, पण ते मी मनाने रचलंय का कळत नाही. आणि दाराची चौकट. मी लहान असताना ती निळी होती असं वाटतं, ताई म्हणते हिरवी. घर पाडलं तेव्हा वडाळ्याच्या आत्याने एक फळी जपून ठेवली होती ना? तिला फोन कर. फळी अजून असेल तर थोडा रंग खरवडून बघायला सांग, खाली आधीचा कुठला निघतो ते. उन्हात फोटो काढून पाठव, ट्यूबलाइटखाली नको.

बाकी सगळं चित्र मार्चपर्यंत होईल. चौकटीची जागा तेवढी तुझं उत्तर येईपर्यंत मातीच्या रंगावरच ठेवली आहे.

पाळकसाहेबांना आणि मंडळीतल्या सगळ्यांना सलाम सांगा.

तुमची,
बेबी