वकील मॅडम, तुम्ही तारीख पाहिलीत

आदरणीय वकील मॅडम,
स. न. वि. वि.

पत्र लिहिण्यास कारण की, माझा धाकटा भाऊ जेलमधून घरी आला त्याला केळीचं एक पीक निघून गेलं, तरी तुमचे आभार मानायचे राहूनच गेले. फोनवर दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा तुम्ही “मी माझं काम केलं” म्हणालात, आईच्या गुडघ्यांची चौकशी केलीत आणि फोन ठेवलात. म्हणून लिहितोय, आणि उघड लिहितोय. आमच्यासारखी घरं आमच्याच तालुक्यात आहेत. ती मुलाकातीच्या रांगेत भेटतात, पण गावात आल्यावर ओळख दाखवत नाहीत. त्यांच्याही वाचनात हे यावं.

१७ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पोलिसांनी त्याला सातपुड्याकडून खाली येणाऱ्या रस्त्यावर अडवलं. मोटारसायकलला अडकवलेल्या पिशवीत ६ किलो २०० ग्रॅम गांजा होता, आणि त्याखाली फडक्यात गुंडाळलेला गावठी कट्टा आणि दोन जिवंत काडतुसं. त्याचं वय तेव्हा २२. आधी एकही केस नव्हती. यातलं काहीही मी लपवणार नाही, कारण तुम्हीच मला लपवू दिलं नाहीत.

मार्च २०२३ मध्ये निकाल लागला. गांजासाठी ७ वर्षं सश्रम कारावास आणि ५० हजार दंड, दंड न भरल्यास आणखी १ वर्ष. कट्ट्यासाठी ५ वर्षं आणि १० हजार, न भरल्यास ६ महिने. आम्हाला वाटलं, मोठी शिक्षा ७ वर्षांची आहे, त्यातली साडेतीन आतच गेली, उरलेली काढू. आमच्या त्या वेळच्या वकिलांनी दीड लाख घेतले होते. निकालानंतर त्यांनी फोन उचलणं बंद केलं. आईच्या पाटल्या त्याआधीच गेल्या होत्या. हायकोर्टाचा खर्च ऐकून मी हात टेकले.

अपील झालं ते धाकट्यानं जेलमधून रेघी कागदावर लिहून दिलं म्हणून. बराकीतल्या एका जुन्या कैद्यानं त्याला सांगितलं होतं, हायकोर्टात जायला ६० दिवस असतात, अर्ज अधीक्षकांकडे दे, तो पुढे जातो. तो अर्ज औरंगाबाद खंडपीठाच्या विधी सेवा उपसमितीकडे गेला आणि तिथून तुमच्या टेबलावर. तुमचा पहिला फोन आला तेव्हा मी बागेत घड बांधत होतो. फी विचारली. तुम्ही म्हणालात, “एक रुपया द्यायचा नाही. कोणी माझ्या नावानं मागितला तर मला कळवा.” मला खरं वाटलं नाही. आमच्याकडे साडेचार एकर जमीन आहे, सातबारा आहे, मग फुकट वकील कसा मिळेल? तेव्हा तुम्ही समजावलंत की १९८७ च्या विधी सेवा कायद्यात कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट नाही. आणि हेही सांगितलंत की कैद्याला निकालाची मोफत प्रत आणि अपिलासाठी वकील मिळालाच पाहिजे, असं सुप्रीम कोर्टानं १९७८ सालीच होस्कोट खटल्यात ठरवलंय, आणि तो खटलाही महाराष्ट्रातलाच. पंचेचाळीसहून जास्त वर्षं झाली त्याला. आम्हाला दीड लाखात कोणी सांगितलं नव्हतं.

पहिल्या भेटीला मी एसटीनं अजिंठ्याचा घाट चढून आलो तो डोक्यात एकच गोष्ट घेऊन. गावातल्या जाणत्यांनी सांगितलं होतं, झडतीच्या वेळी राजपत्रित अधिकारी हजर नव्हता, अमली पदार्थांच्या कायद्याचं कलम ५० मोडलं, पोरगा सुटतो. तुम्ही पूर्ण ऐकून घेतलंत. मग म्हणालात की ते कलम अंगझडतीसाठी आहे, पिशवीच्या झडतीला लागत नाही. पंचनामा ठीक आहे, सील ठीक आहेत, सीए रिपोर्ट, म्हणजे मालाच्या रासायनिक तपासणीचा अहवाल, ठीक आहे. “दादा, माल त्याचाच होता. मी खोटी आशा लावणार नाही. आपण शिक्षेपुरतं लढू.”

त्या दिवशी मला तुमचा राग आला होता. परतीच्या गाडीत सिल्लोडपर्यंत मी दुसरा वकील शोधायचाच विचार करत होतो. आज सांगतो, चार वर्षांत आमच्याशी खरं बोललेलं पहिलं माणूस तुम्ही होतात.

दुसऱ्या भेटीत तुम्ही निकालपत्र समोर ठेवलंत. शेवटच्या पानावर बोट ठेवून विचारलंत, यात ‘शिक्षा एकत्रित भोगावयाच्या’, म्हणजे दोन्ही एकाच वेळी चालतील, असं कुठे दिसतंय का? नव्हतं. एका खटल्यातल्या दोन शिक्षा कोर्टानं तसं लिहिलं नाही तर एकामागून एक चालतात, हे मला त्या क्षणी कळलं. सात नव्हे, बारा. दंड भरला नाही तर साडेतेरा. अमली पदार्थांच्या शिक्षेत जेलची माफीही मिळत नाही, म्हणजे चांगलं वागून दिवस कमी होतील हीदेखील आशा नव्हती. मी पाणी मागितलं.

मग तुम्ही पेन्सिलनं दोन तारखा लिहिल्यात, एकाखाली एक. वर १७ सप्टेंबर २०१९. खाली १४ डिसेंबर २०१९. विनापरवाना शस्त्र बाळगण्याला आधी किमान १ आणि जास्तीत जास्त ३ वर्षं होती. संसदेनं शस्त्र कायदा दुरुस्त केला आणि किमान २, कमाल ५ केली, पण ती दुरुस्ती लागू झाली खालच्या तारखेला. गुन्हा आधीचा आणि शिक्षा नव्या कायद्याची. गुन्हा घडला तेव्हा जेवढी शिक्षा होती त्याहून जास्त देता येत नाही, हे संविधानाच्या अनुच्छेद २० मध्येच आहे, म्हणालात. मधले दिवस मी बोटांवर मोजले. ८८. तेवढ्या दिवसांवरून माझ्या भावाची दोन वर्षं जास्तीची लिहिली गेली होती आणि बचावाच्या वकिलापासून आमच्यापर्यंत एकालाही ते दिसलं नव्हतं. तुम्हाला दिसलं, कारण तुम्ही साडेतीनशे पानं पहिल्या पानापासून वाचली होतीत. प्रत्येक पानाच्या कडेला तुमची पेन्सिल होती.

त्यानंतर मला कामाला लावलंत. शाळा सोडल्याचा दाखला, आईचे दवाखान्याचे कागद, जेलमधल्या वागणुकीचा अहवाल. धाकट्याला भेटायला जेलमध्येही गेलात. तो सांगतो, तुम्ही त्याला विचारलंत, कट्टा कशाला घेतलास? तो म्हणाला, माल देणाऱ्यांनी दिला, धाक राहतो म्हणून. तुम्ही विचारलंत, आणि धाक कुणाला दाखवणार होतास? त्याला उत्तर देता आलं नाही. हे तो मला दोनदा सांगून झालाय, दोन्ही वेळा खाली बघून. त्या कट्ट्यातून गोळी सुटली नाही हे आमचं नशीब, आणि कुणा दुसऱ्याच्या घराचंही. आमच्याच गल्लीत गांज्यापासून सुरू करून पुढे पार वाया गेलेला एक मुलगा आहे. त्याच्या आईसमोरून जाताना माझी मान आजही वर होत नाही.

२१ नोव्हेंबर २०२४ ला हायकोर्टाच्या बोर्डावर मॅटर लागलं. मी मागच्या बाकावर होतो. दोषसिद्धीला आव्हान नाही, हे तुम्ही सुरुवातीलाच सांगितलंत, मग तारखा, मग बाकीचं. सरकारी वकिलांनी कट्टा आणि गांजा एकत्र सापडण्याचं गांभीर्य मांडलं. त्यांचंही चूक नव्हतं. वीस-पंचवीस मिनिटांत सगळं झालं. अपील अंशतः मंजूर. कट्ट्याची शिक्षा ३ वर्षं, गांजाची ५, दोन्ही एकत्रित. दंड दोन्ही मिळून २५ हजार. कच्च्या कैदेचे, म्हणजे निकालाआधी आत काढलेले दिवस वजा. त्यानं ५ वर्षं २ महिने आधीच भोगले होते. मला काही उमजलं नव्हतं. तुम्ही बाहेर व्हरांड्यात येऊन म्हणालात, “दंडाचे पैसे लवकर भरा, पावती जपून ठेवा.” तेव्हा कळलं की तो घरी येणार.

तो आता माझ्यासोबत बागेत असतो. पहाटे पाणी देतो. लग्नकार्याला जात नाही, लोक बोलावतही नाहीत. जुने दोघे एकदा बांधावर आले होते, त्यानं त्यांना चहा न विचारता परत पाठवलं. पुढचं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, पण आज तो इथे आहे, आणि माय त्याच्या ताटात भाकरी वाढते.

दुसऱ्या भेटीला मी केळीचा घड आणला होता. तुम्ही तो हात जोडून परत केलात. म्हणालात, मॅटर चालू असताना काही आणायचं नाही. मॅडम, मॅटर संपलं आहे. येत्या सोमवारी धाकटा स्वतः एसटीनं निघतोय, पहिल्यांदाच एकटा. त्याच्याकडे एक फणी आहे, घरच्या बागेतली, त्यानं पाणी दिलेल्या ओळीतली. ती ठेवून घ्या.

आपला नम्र,
धाकट्याचा मोठा भाऊ