कपिलाषष्ठी इतकी स्वस्त नको

महोदय,

सलग दोन दिवस नळाला वेळेवर पाणी आले, तर आपल्या बातमीत लगेच 'कपिलाषष्ठीचा योग'! अहो, भाद्रपद वद्य षष्ठी, मंगळवार, रोहिणी नक्षत्र, व्यतिपात योग आणि सूर्य हस्त नक्षत्रात, एवढे सगळे जुळावे लागते. दिवाळीआधीच्या शनिवारी लक्ष्मी रस्त्यावर दुकानासमोरच स्कूटर लावायला जागा मिळाली, तर मीही तसे म्हणेन. पण कधीच न घडणाऱ्या गोष्टीला तो शब्द लावू नये. त्यासाठी सशाचे शिंग आहे, वंध्यापुत्र आहे (हा मात्र आता नकोच). आमची गल्ली पावसाळ्यापूर्वी न खणली जाणे यांपैकी कशात बसते, ते उपसंपादकांनीच ठरवावे.

— एक निवृत्त मराठी शिक्षिका, सदाशिव पेठ, पुणे