अध्यक्ष महोदय, साक्षीला बोलवा, पण साक्षीदाराचे हक्क पण कागदावर येऊ द्या

मा. अध्यक्ष, महाराष्ट्र विधानसभा,

साहेब नमस्कार. परभणी जिल्ह्यातून लिहायलोय, रिटायर्ड ग्रामसेवक आहे. जिल्हा परिषदा-पंचायतींचा कारभार तपासणाऱ्या आमदारांच्या पंचायत राज समितीचा दौरा लागला की आमच्याकडं काय होतं ते तुम्हाला मुंबईत बसून दिसत नसेल. रात्री उशिरापर्यंत जिल्हा परिषदेत लाईट चालू, ग्रामसेवक लोक पिशव्यांत कॅशबुकं अन् एमबी (कामाच्या मोजमापाच्या वह्या) घेऊन पंचायत समितीच्या पायऱ्यांवर, आणि ज्या ऑडिट पॅऱ्यांकडं (लेखापरीक्षणातल्या आक्षेपांकडं) वर्षानुवर्षं कुणी बघितलं नाही ते एका रात्रीत निकाली काढायची धडपड.

आता स्पष्ट सांगतो, मी समितीच्या विरोधात नाही. आमदारांनी नाही विचारायचं तर कुणी विचारायचं? पण समोर साक्षीला बसलेल्या माणसाला नेमकं काय सांगणं भाग आहे अन् कशाला नाही म्हणता येतं, हे त्याला कुणीच सांगत नाही. त्याला एकच शब्द माहीत असतो, हक्कभंग, म्हणजे सभागृहाचा किंवा आमदारांचा विशेष हक्क मोडल्याचा ठपका. तो ऐकला की चांगल्या चांगल्याची बोलती बंद.

आणि हा हक्क आला कुठून? घटनेच्या कलम १९४(३) मध्ये मुळात लिहिलं होतं की विधानमंडळ कायदा करून आपले हक्क ठरवेपर्यंत इंग्लंडच्या हाऊस ऑफ कॉमन्सचे जे हक्क तेच आपले. ४४ व्या घटनादुरुस्तीनं कॉमन्सचं नाव गेलं, हक्क मात्र तसेच राहिले. गंमत बघा, आम्ही मराठवाड्याचे लोक निजामाच्या राज्यातले, इंग्रजाचं थेट राज्य आम्ही बघितलंच नाही, अन् आमच्या बीडीओला (गटविकास अधिकाऱ्याला) दम देतंय लंडनचं सभागृह.

या हक्काला मर्यादा आहेत, कोर्टानं सांगितल्यात. १९६४ ला उत्तर प्रदेशच्या विधानसभेनं केशव सिंह नावाच्या माणसाला, एका पत्रकावरून सुरू झालेल्या प्रकरणात, सभागृहाचा अवमान केला म्हणून सात दिवस जेलात टाकलं आणि त्याला जामीन दिला म्हणून हायकोर्टाच्या दोन जजनाच धरून आणा म्हणाले! शेवटी सुप्रीम कोर्टानं, सरन्यायाधीश गजेंद्रगडकर म्हणजे आपलेच मराठी माणूस, सांगितलं की अशा माणसाला कोर्टात जाण्याचा रस्ता सभागृहाला बंद करता येत नाही. तरी नोव्हेंबर २०२० मध्ये आपल्याच विधानसभेच्या सचिवालयातल्या अधिकाऱ्याला सुप्रीम कोर्टाची अवमानाची नोटीस आली, का तर हक्कभंगाची नोटीस मिळालेल्या संपादकानं ती कागदपत्रं कोर्टापुढं ठेवली म्हणून त्याला पत्र धाडलं होतं.

सगळ्यात कामाचा निकाल २०२१ चा, अजित मोहन. दिल्ली विधानसभेच्या समितीनं फेसबुकच्या बड्या अधिकाऱ्याला बोलावलं, तो म्हणाला मी येत नाही. कोर्ट म्हणालं, सभासद नसला तरी समिती बोलावू शकते, यावंच लागेल. पण दिल्लीत पोलीस अन् कायदा-सुव्यवस्था केंद्राकडं, विधानसभेच्या हातात नाही, त्यामुळं त्यावरच्या प्रश्नाला उत्तर नाकारता येईल. म्हणजे यावं तर लागतंच, पण समितीच्या हद्दीबाहेरचं सांगायची सक्ती नाही. हे आमच्या तालुक्यात कुणाला माहीत आहे?

आता खरी अडचण. कलम २०(३) मुळं आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. पण ज्याच्यावर अजून गुन्हाच नाही असा माणूस समितीपुढं खरं बोलला अन् उद्या त्याच बोलण्यावरून एफआयआर झाला तर? १९५२ च्या चौकशी आयोग कायद्यात कलम ६ आहे, आयोगापुढची जबानी त्या माणसाविरुद्ध वापरता येत नाही, खोटी साक्ष दिली तरच केस. पण तुमच्या समितीपुढं काय? समितीत आमदार जे बोलतो त्याला कलम १९४(२) चं संरक्षण आहे, समोर बसलेल्या साक्षीदाराचं त्या कलमात नावच नाही. मग तो "माहिती घेऊन सांगतो साहेब" एवढंच म्हणणार ना, अन् पैसा कुठं गेला ते तुम्हाला कधीच कळणार नाही.

दिल्लीकडं बोट दाखवू नका साहेब. सातव्या अनुसूचीत राज्यसूचीची ३९ वी नोंद वाचा, समित्यांपुढं साक्षीला माणसं हजर करणं हा तुमचाच विषय आहे. मला वाटतं अडतंय ते दुसरीकडंच, कायदा केला की तो मूलभूत हक्कांच्या कसोटीवर कोर्टात तपासला जाणार, म्हणून सभागृहाला वाटतं मोघम राहिलेलं बरं.

तर मागणी एवढीच की येत्या अधिवेशनात आयोग कायद्याच्या कलम ६ सारखं संरक्षण देणारं विधेयक आणा. तोवर निदान साक्षीच्या नोटिशीवर विषय नेमका लिहा, वकील सोबत आणता येईल का ते लिहा, कोणत्या प्रश्नाला हरकत घेता येते आणि ती कुणाकडं घ्यायची ते लिहा. साध्या मराठीत, आणि नोटीस आदल्या दिवशी संध्याकाळी व्हॉट्सॲपवर नको.

आपला,
एक रिटायर्ड ग्रामसेवक, जि. परभणी