शाळेच्या खर्चाला हातभार लावा : ग्रामस्थांना आणि माजी विद्यार्थ्यांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

आपल्या गावच्या जिल्हा परिषद प्राथमिक शाळेची व्यवस्थापन समिती वर्षाच्या खर्चाचा आराखडा घेऊन बसली आणि रात्री उशिरापर्यंत एकच विचार चालला : यातले काय काय कमी करता येईल? कंपाउंडच्या भिंतीचा रंग काढून टाकला. स्नेहसंमेलनाचा मांडवही काढला, यंदा कार्यक्रम व्हरांड्यातच करू. मग यादीत उरले पहिली-दुसरीला शिकवणाऱ्या ताईंचे मानधन, वीजबिल आणि वाचनाची पुस्तके. त्यावर काट मारायला कुणीच तयार झाले नाही. म्हणून हे आवाहन.

सरकारी शाळेला काही कमी नसते, असा गावात पुष्कळांचा समज आहे. शिक्षकांचा पगार, पाठ्यपुस्तके, गणवेश, दुपारचे जेवण यांचा खर्च सरकार करते, हे खरेच. पण खडू, हजेरीपत्रके, प्रिंटरची शाई, वीजबिल, नळाची दुरुस्ती, फुटलेली कौले या सगळ्याला मिळून समग्र शिक्षा अभियानातून वर्षाला एक संयुक्त शाळा अनुदान असते आणि ते पटावर ठरते. 31 ते 100 पटाच्या शाळेला 25,000 रुपये. त्यातले 10 टक्के स्वच्छतेवरच खर्च करायचे. राहिलेले 22,500 बारा महिन्यांवर वाटले, तर महिन्याला 1,875 रुपये येतात. त्यात शाळा चालवायची. शिवाय रक्कम कधी हातात पडेल याचा नेम नसतो, आणि 31 मार्चच्या आत खर्च झाली नाही तर ती परत जाते. पावसात छप्पर गळते तेव्हा पैसा नसतो, आणि पैसा येतो तेव्हा वर्ष संपत आलेले असते.

यंदा आपल्या शाळेचा पट 34 आहे. तो 30 वर आला की अनुदान 25,000 वरून थेट 10,000 वर येईल. चार मुले कमी झाली म्हणून खोल्या कमी होत नाहीत, पंखे तेवढेच फिरतात आणि कौलेही तेवढीच फुटतात. पट 20 च्या खाली घसरला तर प्रश्न शिक्षकांच्या मंजुरीपर्यंत जातो. 2023 मध्ये कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विषय निघाला आणि 15 मार्च 2024 ला संचमान्यतेचा, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदे ठरवण्याचा, नवा शासन निर्णय आला, तेव्हापासून लहान गावांत हीच धास्ती आहे. सहा वर्षांच्या लेकराला पहाटे उठवून दुसऱ्या गावच्या गाडीत बसवायची वेळ आपल्यावर येऊ नये. यासाठी देणगीपेक्षाही मोठी मदत म्हणजे आपले मूल, नातवंड या शाळेत घालणे. ज्यांची मुले गाडीने इंग्रजी शाळेत जातात त्यांना नावे ठेवायची नाहीत. त्यांनी एकदा आपल्या शाळेत येऊन वर्गात बसून बघावे, एवढीच विनंती.

आता ताईंच्या मानधनाविषयी. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे 60 पटापर्यंत दोन शिक्षक मिळतात. वर्ग मात्र पाच. गुरुजी मतदार यादीच्या कामाला, प्रशिक्षणाला किंवा केंद्राच्या बैठकीला गेले की पाचही वर्ग एकट्या बाईंच्या समोर. पाचवीला भागाकार समजावताना पहिलीच्या पोराचे अक्षर कुठे अडले हे त्यांनी कसे बघावे? आणि पहिली-दुसरीत वाचन कच्चे राहिले की ते पुढे भरून काढणे फार अवघड जाते. म्हणून गावातल्याच डी.एड. झालेल्या ताईंना समितीने मानधनावर घेतले आहे. महिना 5,000 म्हणजे दहा महिन्यांचे 50,000 रुपये. डी.एड. झालेल्या मुलीला हे मानधन तुटपुंजेच आहे, याची आम्हाला जाणीव आहे. आजवर ते दोन-तीन दात्यांच्या भरवशावर चालले. दर वर्षी त्याच घरांच्या दारात जाणे बरे दिसत नाही.

वीजबिल थकले की जोडणी तुटते. मग टीव्ही बंद, मोटर बंद, टाकी कोरडी. शौचालयात पाणी नसले की मुली दिवसभर तशाच बसून राहतात. गावातले कोणी सोलरच्या कामात असेल तर त्यांनी अवश्य भेटावे, दर महिन्याची ही काळजी कायमची मिटेल. पैशाऐवजी वस्तूही चालतील : गोष्टींची पुस्तके, छपराला कौले, एखाद्या रविवारी गवंड्याचे हात. घरच्या वाढदिवसाला मुलांना तिथीभोजन द्या, किंवा मळ्यातली भाजी सकाळी शाळेत पोचवा.

आपला हा करवीरचा मुलूख. 1917 मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयतेकडून मूठमूठ धान्य गोळा करून मुलांच्या जेवणाची सोय केली. त्या लोकांच्या घरी तरी कुठे धान्याची कोठारे होती? जत्रेच्या वर्गणीला आपल्या गावाने कधी नाही म्हटलेले नाही. मुंबई-पुण्यातल्या आपल्या माणसांनी देवळाच्या कळसाला हात सैल सोडला. शाळेलाही तसाच सोडावा.

शाळेत शिकणाऱ्या मुलांच्या पालकांवर कसलीही सक्ती नाही. सरकारी शाळेत फी नाही आणि या वर्गणीला कुणी फी समजू नये. कुणी दिले, कुणी नाही, हे मुलांसमोर काढले जाणार नाही.

रोख रक्कम असो वा समितीच्या बँक खात्यावर भरलेली, प्रत्येक रुपयाची पावती मिळेल. खात्याचा तपशील मुख्याध्यापकांकडे आहे. जमाखर्चाचा कागद दर महिन्याला शाळेच्या फलकावर लागेल आणि 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत पूर्ण हिशेब वाचून दाखवला जाईल. येत्या रविवारी सकाळी 9 पासून समितीचे सदस्य पावतीपुस्तक घेऊन वाडीपासून सुरुवात करतील. कामाला जायचे असेल तर घरी कुणाकडे तरी निरोप ठेवावा.

आपली,
शाळा व्यवस्थापन समिती