वनमहोत्सवाचे खड्डे गवताळ उतारावर नकोत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जुलैचा पहिला आठवडा आला की वनमहोत्सवाचे फोटो छापून येतात. डोंगरउतार, कुदळी, रोपं आणि हसरे पाहुणे. त्या उतारावरच्या गवतात काय आहे, हे मात्र कुणी विचारत नाही.

हिरवी मुनिया आणि रुंद शेपटीचा गवती वटवट्या हे दोन पक्षी फक्त भारतातले. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या, धोक्यातल्या प्रजातींच्या लाल यादीत दोघांवर शिक्का एकच, ‘असुरक्षित’. पण दोघांचं दुखणं अगदी वेगळं आहे आणि आपण औषध मात्र एकाच दुखण्यावर शोधलं आहे.

मुनियाचं देखणेपणच तिच्या मुळावर आलं. पोपटी पाठ, पिवळं पोट, लाल चोच, कुशीवर काळे-पांढरे पट्टे. मध्य भारतात आणि माउंट अबूच्या परिसरात ती अजून दिसते. थव्याने जमिनीवरचं बी टिपते, रात्री उसात किंवा उंच गवतात उतरते. त्यामुळे जाळं लावणाऱ्याच्या हाती एका वेळी बरेच पक्षी लागतात. लाहोरजवळ एके काळी हिचे थवे होते, तेही पिंजऱ्यातून सुटलेल्या पक्ष्यांचे. हा व्यापार किती जुना आणि दूरवरचा, ते यावरून कळावं. आज देशी पक्षी पकडणं, विकणं हा गुन्हा आहे आणि परदेशी व्यापारावर ‘साइट्स’ या वन्यजीव व्यापारविषयक आंतरराष्ट्रीय कराराचं नियंत्रण आहे. अंमलबजावणी ढिली असेल, पण निदान गुन्हेगार कोण ते ठाऊक आहे.

वटवट्याला पिंजऱ्यात ठेवायची इच्छा कुणाला होणार? मातकट रंगाचा, एरवी गवतात दडलेला, पाऊस संपला की जवळजवळ बेपत्ताच. तो राहतो सह्याद्रीच्या उंच गवताळ उतारांवर; पुणेकर पक्षीमित्र त्याला शोधायला सिंहगडावर जातात. पावसाळ्यात नर गात गात वर झेपावतो आणि पुन्हा गवतात उतरतो. मादीचं घरटं तिथेच, जमिनीलगत, गवताच्या बुंध्यात. आणि नेमक्या याच दिवसांत आपण गवत कापून खड्डे खणतो! कायदा घरट्यालाही संरक्षण देतो, पण जे दिसलंच नाही त्याची तक्रार कोण करणार? शिवाय सरकारी कागदावर असा उतार बहुधा ‘पडीक’ असतो, म्हणजे झाडं लावायला मोकळाच. उन्हाळ्यातल्या वणव्यांवर निदान ओरड तरी होते. लागवडीवर टीका करणारा मात्र पर्यावरणाचा शत्रू ठरतो.

झाडांना माझा विरोध नाही. जिथे जंगल तुटलं तिथे ती जरूर लावा. मात्र लागवडीची जागा ठरवण्याआधी वन विभागाने जून ते सप्टेंबर या काळात स्थानिक पक्षीमित्रांकडून त्या उताराची पाहणी करून घ्यावी, आणि जिथे वटवट्या गाताना आढळेल तो उतार लागवडीच्या यादीतून वगळावा. यंदाच्या याद्या अजून बदलता येतील.

– एक वाचक, पुणे