जुन्या बाजारातल्या काकांना, खोट्या नाण्यांपासून वाचवल्याबद्दल

काका, सप्रेम नमस्कार.

नाव लिहू नकोस म्हणालात म्हणून लिहीत नाहीये. पण थँक्यू म्हणायला फोन केला की तुम्ही "बरं बरं, पाऊस आहे का तिकडे" करून विषय बदलता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय, आता बदला विषय.

झालं असं होतं की मला ऑनलाइन १९३९ चा रुपया सापडला होता. सहावा जॉर्ज, चांदीचा. हा रुपया किती रेअर आहे ते मी व्हिडिओ बघून बघून पाठ केलेलं, की १९४० पासून रुपयातली चांदी ९१.७ टक्क्यांवरून थेट ५० वर आणली आणि त्याच्या आधीचा हा शेवटचा, बाजारात फारच कमी आलेला वगैरे. विकणारा ३८ हजार म्हणत होता, घरात आजारपण आहे, आजच ५ हजार ॲडव्हान्स टाका नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. मी टाकणारच होतो. फक्त त्या रविवारी जुन्या बाजारात तुमच्या चादरीसमोर उकिडवा बसलो होतो आणि शायनिंग मारायला म्हणून फोटो दाखवले.

तुम्ही फोटो बघितलेच नाहीत आधी. विचारलं, वजन किती म्हणतोय? मी म्हटलं, तोळाभर, १० ग्रॅम, त्याने काट्यावर ठेवून फोटोच पाठवलाय. तुम्ही हसलात. "अरे, १० ग्रॅमचा तोळा आत्ता सोनारांचा. रुपया जुन्या तोळ्याचा, ११.६६ ग्रॅम. झिजून झिजून थोडं कमी होईल, दीड ग्रॅम कुठे जाईल? आणि हा तर झिजलेलाही दिसत नाही." बस्स, एवढंच. मग फोटो मोठा करून अक्षरांच्या कडा दाखवल्या, साबुदाण्याच्या पापडासारखे बारीक फोड, म्हणजे छाप्याखाली ठोकलेलं नाणं नाही, साच्यात ओतलेलं. घरी येऊन त्याच माणसाची बाकीची नाणी बघितली तर राजाच्या हनुवटीखालचा तोच ओरखडा अजून दोन रुपयांवर, त्याच जागी. तिन्ही एकाच साच्यातली भावंडं!

पण खरे आभार त्याचे नाहीत, ते पुढच्या बुधवारचे. लाजत लाजत खिशातून शिवराई काढली, शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं, बाबांसाठी १८०० ला ऑनलाइन घेतलेली. एका बाजूला श्री राजा शिव, दुसऱ्या बाजूला छत्रपति, सगळी अक्षरं मस्त मधोमध, मला वाटलं हीच तर क्वालिटी. तुम्ही बोटावर फिरवली, कडेवरची बारीक शिवण, म्हणजे साच्याचा जोड, नखाने दाखवली, हिरवा रंग अंगठ्याने चोळला तर अंगठ्याला लागला. मग तुमच्या डब्यातल्या दहा-बारा शिवराया माझ्या तळहातावर ओतल्यात. कुणावर नुसतं "राजा", कुणावर "छत्र" अर्धं कडेबाहेर गेलेलं, तुम्ही म्हणालात, हाताने ठोकायचे रे, छाप्यापेक्षा तांब्याचा तुकडा लहान असला की अक्षर बाहेर राहणारच. आणि महाराजांच्या नावाने ही नाणी त्यांच्यानंतरही पेशवाई संपेपर्यंत पडतच राहिली, किती टांकसाळी, कुठे "शिव" कुठे "सिव", म्हणून प्रत्येकीला "महाराजांच्या काळातली" म्हणून विकणाऱ्यापासून लांब राहा. मी एवढासा झालो होतो.

तेव्हा तुम्ही तो औषधाचा जुना डबा उघडलात. त्यात तुमचा स्वतःचा १९३९ चा रुपया, तरुणपणी पगाराचे पैसे घालून घेतलेला. काट्यावर ठेवला, ११.६ च्या वर. मग काट्यावर पाण्याची वाटी ठेवून काटा शून्य केला, रुपया दोऱ्याला बांधून पाण्यात लोंबकळत धरला, तळाला न टेकवता. आकडा १.१३. म्हणजे ११.६६ भागिले १.१३, साधारण १०.३, पाण्याच्या एवढे पट जड, चांदी बरोबर. (गिलटावर, म्हणजे चांदीसारख्या दिसणाऱ्या स्वस्त धातूवर, चांदीचा मुलामा असता तर वाटीतला आकडा १.३ च्या आसपास आला असता, आणि चुंबकाचं मनावर घेऊ नको म्हणालात, तांबं-पितळही कुठे चिकटतं.) मी म्हटलं, मग हा खरा! तुम्ही भिंग दिलंत. "दोन्ही नऊ बघ." पहिला नऊ गोल, भरलेला. शेवटच्या नऊच्या खाली डावीकडे नाण्याचा सपाट भाग किंचित खरवडलेला. १९३८ चा आठ कोरून नऊ केलेला. नाणं खरं, चांदी खरी, वजन खरं, फक्त साल खोटं. "मी अकरा महिने सगळ्यांना दाखवत फिरलो होतो," म्हणालात आणि चहा सांगितलात.

काका, तुम्ही तो डबा उघडला नसता तरी चाललं असतं. तेवढ्यासाठी हे पत्र.

बाकी पण बरंच आहे. आजीचे पंचम जॉर्जचे तीन रुपये मी चिंचेने घासायला काढले होते ते तुम्ही फोनवर ओरडून थांबवलंत. वैष्णोदेवीच्या ५ रुपयाच्या नाण्याचे दहा लाख देतो, आधी रजिस्ट्रेशन फी भरा म्हणणारा भेटला तेव्हा तुम्हीच सांगितलंत की रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ ला पत्रक काढलंय, असले व्यवहार आम्ही करत नाही, कुणालाही आमच्या नावाने फी घ्यायला सांगितलेलं नाही. आणि खरी शिवराई मला १५० ला दिलीत, फुकट नाही. फुकट दिली असती तर मी भिंगाखाली धरलीच नसती, हे तुम्ही बरोबर ओळखलंत.

तर आता घरी देवघरात दोन शिवराया आहेत. बाबा दोन्हींना रोज हळदकुंकू लावतात आणि चकचकीत अक्षरवाली त्यांना जास्त आवडते. त्यांना सांगायची माझी हिंमत नाही. पाडव्याला जेवायला या, तुम्हीच सांगा. येताना तो औषधाचा डबा आणा. काटा मी घेतलाय, दोन दशांशवाला, त्या वाचलेल्या ॲडव्हान्समधून.

तुमचा,
उकिडवा बसणारा